गुकेशसमोर डिंगकडून झालेली चूक याआधी कुणी केली होती का? बुद्धिबळाच्या डेटाबेसमध्ये हे शोधतात कसं?

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जागतिक अजिंक्यपद लढतीचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव. बरोबरीकडे चाललेल्या या डावात ५५व्या चालीला डिंग लिरेन यांनी हत्ती एफ२ वर आणला. डी. गुकेशनं आधी हत्तींची अदलाबदल केली, मग उंट डी५ वर ठेवला. काही चालींतच तो १८व्या वर्षी जगज्जेता झाला.

'असं आधी कधी घडलंय का?' हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. लाखो डाव संगणकात आहेत, मग उत्तर एका क्लिकवर मिळायला हवं. तसं होत नाही.

हुबेहूब तीच स्थिती शोधणं संगणकाला सोपं जातं. ओपनिंगच्या तयारीसाठी खेळाडू हेच करतात. पण ५०-५५ चालींनंतर तंतोतंत तशीच स्थिती दुसऱ्या डावात येणं जवळपास अशक्य. नुसती मोहरी मोजून शोधलं, म्हणजे दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि एकाकडे एक प्यादं जास्त, तर डावांचा ढीग हाती लागतो. त्यातल्या बहुतेकांत ही युक्ती नसतेच.

म्हणून आधी युक्ती नेमकी सांगावी लागते. डिंग यांचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण मिळतो. त्याच कर्णावर, राजाच्या आधारानं, गुकेशचा उंट येऊन बसला. आता अदलाबदल टाळणार कशी? उंट गेले की उरतात राजे आणि प्यादी, आणि तिथे एक जादा प्यादं पुरलं. हेच दुसऱ्या कोपऱ्यात, उलट्या रंगानंही घडू शकतं. सीक्यूएल या बुद्धिबळाच्या शोधभाषेत त्यासाठी पट फिरवून शोधण्याची सोय आहे.

खरी गोम पुढे आहे. डेटाबेसमध्ये फक्त खेळलेल्या चाली असतात. कुणाला धोका दिसला आणि त्यानं हत्ती दुसरीकडे नेला, किंवा चूक झाली पण समोरच्यालाच दिसली नाही, तर ती युक्ती नोंदीत उरतच नाही. तिथे स्टॉकफिशसारखं इंजिन लावून डाव तपासावे लागतात. लिचेसनं आपल्या संकेतस्थळावरच्या डावांतून अशी ५० लाखांहून जास्त कोडी काढली आहेत. ती विषयवार लावलेली आहेत आणि मोफत आहेत. चेसबेससाठी पैसे मोजावे लागतात, त्यामुळे तालुक्याच्या गावात प्रशिक्षकाविना खेळणाऱ्या मुलीला हा आधार मोठाच.

फक्त कोडं सोडवताना 'इथे काहीतरी आहे' हे आधीच माहीत असतं. डावात ते कुणी सांगत नाही. गुकेशचा खुललेला चेहरा पाहून आपण चुकल्याचं लक्षात आलं, असं डिंग यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं होतं.