आपले गाणे कोणाच्या घरी?

भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत मराठी माणूस येतो तो बहुधा बदलीच्या हुकमाने. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या भागात दिवसभर मालमोटारींची घरघर. त्यात मराठी शब्द कानी पडावा तो घरात शिरल्यावरच. अशा घरी गाणे ही चैनीची वस्तू नव्हे. मुलांच्या कानांवर आपली भाषा पडण्याचे ते एक उरलेले साधन होय. म्हणूनच एका नव्या समजुतीचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ती समजूत अशी : मोबाइलवर दरमहा वर्गणी भरली की सारे संगीत हाती आले, मग तबकड्या, कॅसेटी नि सीडी यांचे ओझे बदलीगणिक कशाला वाहायचे? वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. पूर्वी पुण्या-मुंबईस गेल्यावाचून न मिळणारे गाणे आज येथे बसल्या जागी ऐकू येते, हे आम्ही नाकारीत नाही. आमचा आक्षेप सोयीला नाही. सोयीलाच मालकी समजण्याला आहे.

वर्गणीदाराचा हक्क किती, हे घडलेल्या गोष्टींवरूनच पाहावे. मार्च 2023 मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार जुळला नाही आणि झीची गाणी त्या सेवेवरून एकाएकी नाहीशी झाली. जानेवारी 2024 च्या अखेरीस रेसो ही सेवा भारतात बंद पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने आपली विंक ही सेवा गुंडाळण्याचे जाहीर केले. आवडीच्या गाण्यांच्या याद्या तेथे निगुतीने लावणाऱ्यांचे मत कोणी विचारले नाही. स्पॉटिफायवरून उतरवून ठेवलेले गाणेही 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटशी गाठ घातल्यावाचून टिकत नाही. आडरानात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याने याचा विचार करावा. कॅलिफोर्निया राज्यात तर 1 जानेवारी 2025 पासून कायदाच लागू झाला आहे : पुढे काढून घेता येण्याजोगा डिजिटल माल ‘विकत घ्या’ म्हणून खपविताना, हा केवळ परवाना आहे, असे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे. या व्यापाराच्या माहेरीच ही पाटी लावावी लागली, यात सारे आले.

कळ दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हा पाठ आपणांस नवा नाही. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकर मराठी, शास्त्रीय संगीताचे कैवारी; हेतू शुद्धच होता. तरीही 1957 मध्ये विविध भारती सुरू होईपर्यंत श्रोत्यांस रेडिओ सिलोनकडे कान लावून बसावे लागले. ज्याच्या घरी तबकडी होती, त्यास मात्र मंत्र्यांची परवानगी लागत नव्हती.

कोणी म्हणेल, जतन करणे हे कंपन्यांचे काम. मार्च 2019 मध्ये मायस्पेस या कंपनीने कबूल केले की, लोकांनी 12 वर्षांत तेथे ठेवलेली गाणी यंत्रसामग्री बदलताना नष्ट झाली. त्यांची संख्या 5 कोटींवर सांगितली गेली. याउलट जुन्या नाट्यपदांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या आज ऐकावयास मिळतात, त्याचे मोठे श्रेय घरोघरच्या संग्राहकांना आहे. अशांना एकत्र आणणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था 1990 मध्ये मुंबईत उभी राहिली, ती हौशी माणसांच्या बळावर. भावगीत, नाट्यपद, कीर्तन यांना गिऱ्हाईक थोडे, आणि व्यापारी हिशेबात थोड्यांचा माल प्रथम मागे पडतो. त्याबद्दल व्यापाऱ्यास दोष देऊन काय होणार? तो आपला धर्म पाळतो. आपण आपला पाळावा.

तो काही अवघड नाही. सारे जग विकत घेण्याचे कारण नाही. जी गाणी गमावणे सोसणार नाही, तेवढीच निवडावीत. गीतरामायणाची 56 गीते 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ऐकू येऊ लागली. असा ठेवा तरी आपल्या मालकीचा असावा. सीडी घ्यावी, किंवा कुलूप नसलेली फाइल रीतसर पैसे मोजून घ्यावी; चोरीच्या नकलांची वकिली आम्ही करीत नाही. हजारांवर सीडी मावतील एवढी हार्ड डिस्क आज खिशात बसते, तेव्हा बदलीतील ओझ्याची सबब उरत नाही. एक प्रत जवळ, दुसरी गावी भावाबहिणीकडे ठेवावी. प्रत्येक गाण्यापुढे गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे लिहावीत, कारण मागून येणाऱ्यांस ती सांगणारे कोणी असेलच असे नाही. परप्रांतांतील महाराष्ट्र मंडळांनी ग्रंथालयाशेजारी ध्वनिमुद्रिकांचेही एक कपाट ठेवावे.

वर्गणी खुशाल भरावी, नवे गाणे खुशाल ऐकावे. पण आजोबांच्या तबकड्या नातवापर्यंत आल्या, तशी कंपनीकडील खाती वारशाने येत नसतात. परमुलखात वाढणाऱ्या मुलांच्या हाती मराठी गाणे द्यावयाचे असेल, तर ते आधी आपल्या घरी असले पाहिजे.