चाळीस मार्कांचा विषय

दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस मार्क. शेवटच्या आठवड्यात गाईड वाचायचे, सनावळ्या घोकायच्या, पेपर टाकायचा आणि मोकळे व्हायचे. गणित-सायन्सच्या क्लासला हजारो रुपये भरणारे पालक इतिहासाचे नाव काढले की विचारतात, "त्याचा पुढे उपयोग काय?" म्हैसूरला एनसीसीच्या पोस्टिंगवर आल्यापासून मला हा प्रश्न फार महाग वाटू लागला आहे.

आपण शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकतो. त्यात घोडी आपली, झेंडा आपला. इथे आले की तेच घोडेस्वार समोरून येताना दिसतात.

१७९१ चे उदाहरण घ्या. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले होते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली, शारदेची मूर्तीही जागेवरून हलवली. शंकराचार्यांना मठ सोडावा लागला. त्यांनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि टिपूने मदत पाठवली. त्याची कन्नड पत्रे मठात जपलेली होती. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांनी ती उजेडात आणली.

एवढे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे टिपू चांगला आणि मराठे वाईट. थांबा. त्याच टिपूने कोडगूच्या लोकांना आणि मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांना हजारोंनी कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. १७८५ मध्ये नरगुंदच्या भाव्यांचा किल्ला घेऊन त्यांनाही कैदेत टाकले. ज्या कोडगूने देशाला करिअप्पा आणि थिमय्या दिले, तिथे टिपूचे नाव आजही कडवट तोंडाने घेतले जाते. शृंगेरी खरी आणि कोडगूही खरे. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात बसतात. हे पचवायची सवय शाळेतच लागायला हवी. चाळिशीत मोबाईलवर आलेला मेसेज वाचून ती लागत नाही.

आम्हा फौजींना याची गरज जास्त. एका बराकीत कोडगूचा, साताऱ्याचा, बंगालचा आणि हैदराबादचा जवान शेजारी-शेजारी झोपतो. आपण ज्याला मोहीम म्हणतो, तिला बंगाली माणूस बर्गींची धाड म्हणतो. त्याच्या आजीने सांगितलेले खोटे नसते आणि आपल्या पुस्तकातलेही सगळे खोटे नसते. ज्याने इतिहास नीट शिकला, तो विचारतो: हे कोणी लिहिले, कधी लिहिले, कागद कुठे आहे? ज्याने नुसत्या सनावळ्या घोकल्या, तो बाह्या सरसावतो.

समाज म्हणून आपण काय गमावतो, तेही श्रीरंगपट्टणलाच कळते. म्हैसूरहून जेमतेम पंधरा किलोमीटर. १७९२ च्या तहात टिपूचे अर्धे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांचा दंड बसला, दोन मुले इंग्रजांकडे ओलीस गेली. मुलखाचा वाटा पेशव्यांनाही मिळाला. पुण्याला तो फायद्याचा सौदा वाटला असणार. ४ मे १७९९ रोजी टिपू याच किल्ल्यात लढताना पडला आणि किल्ल्याचा ताबा आर्थर वेलस्लीकडे आला. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, असईला, शिंदे-भोसल्यांचा पराभव केला तो याच वेलस्लीने. त्याच्या फौजेत म्हैसूरचे घोडदळ होते. कालचा शत्रू संपवायला ज्याला हात दिला, तोच अकरा वर्षांत आपल्या दारात उभा राहिला. हा धडा कोणत्याही स्टाफ कॉलेजात शिकवण्यासारखा आहे. पण तारखा सुट्या पाठ केल्या, तर १७९२ आणि १८०३ यांचा संबंध कधी जुळतच नाही.

काही जण म्हणतात, मुलांच्या मनात आपल्याबद्दल शंका कशाला घालायची, अभिमान राहू द्या. अभिमान राहिलाच पाहिजे. पण खऱ्या गोष्टी ऐकून जो ढासळतो, तो अभिमान कच्चा. मिरजेला शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे आयुष्यभर खपून छापली. सोयीची तेवढीच पत्रे छापावीत, असे ते काम नव्हते. म्हणून त्या काळातली आपली बाजू आज कागदावर तपासता येते. मराठी माणसाने अभिमान धरावा तो अशा कामाचाही.

माजी सैनिक बांधवांना एक विनंती. गावच्या शाळेत १५ ऑगस्टला झेंडावंदनाला बोलावतात, तेव्हा नुसत्या घोषणा देऊन परतू नका. ज्या मुलखात नोकरी केली, तिथले लोक आपल्याबद्दल काय सांगतात, तेही मुलांना सांगा. आणि पालकांनो, इतिहासाच्या पुस्तकातला एक धडा मुलाबरोबर बसून वाचा. किती मार्क पडतील ते सोडा. त्याला एवढेच विचारा, "हीच गोष्ट समोरच्या बाजूच्या माणसाने कशी सांगितली असती?"