जड तेल वाहते करण्याआधी

कच्चे तेल पाईपमधून वाहायला अडते, त्याची कारणे मुख्यतः तीन. काही तेलांत अ‍ॅस्फाल्टीन आणि रेझिन यांचे मोठे रेणू भरपूर असतात, त्यामुळे ती मुळातच जाड असतात. काही तेलांत मेण असते. गरम असताना ती सहज वाहतात, पण थंड होऊ लागली की मेणाचे स्फटिक बनतात, एकमेकांत गुंततात आणि तेल थिजते. तिसऱ्या प्रकारात तेल पातळच असते, पण वेग जास्त असल्याने प्रवाहात भोवरे उठतात आणि पंपाने दिलेली ऊर्जा त्यांत खर्च होते. प्रेशर गेजवर तिन्ही वेळा दिसते ते एकच : दाब वाढलेला आणि प्रवाह घटलेला. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. कारण न ओळखता बसवलेला हीटर, पंप किंवा रसायन सोडणारा डोसिंग स्किड म्हणूनच पैसे खाऊन निकामी ठरतो.

तेलाचे जडपण एपीआय अंशांत मोजतात. या मापात पाणी 10 अंशांवर येते आणि आकडा जितका लहान तितके तेल जड. 22.3 अंशांच्या खालचे तेल जड आणि 10 च्या खालचे अतिजड मानतात. उत्तर गुजरातेत मेहसाणा परिसरातील बालोल आणि सांथल ही भारतातील जड तेलाची ओळखीची क्षेत्रे. तिथले तेल खडकातून हलावे म्हणून ओएनजीसीने 1990 मध्ये बालोलला जमिनीखालीच नियंत्रित ज्वलनाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. मुंबई हायचे तेल याच्या दुसऱ्या टोकाला आहे. फेब्रुवारी 1974 मध्ये सापडलेल्या आणि मे 1976 पासून उत्पादन देणाऱ्या या क्षेत्राचे तेल 39 अंशांच्या आसपास, म्हणजे हलके आहे. तरीही त्याचा पोर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहणे थांबते ते तापमान, सुमारे 30 अंश सेल्सिअस आहे. समुद्रतळावरून उरणकडे येणाऱ्या पाईपमध्ये या तेलाबाबत मेणाची काळजी घ्यावीच लागते. जड असणे आणि न वाहणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे तेलच दाखवते.

श्यानता, म्हणजेच व्हिस्कॉसिटी, किती उतरवायची याचा हिशेब आधी करावा. अर्धा मीटर आतील व्यासाचा पाईप, सेकंदाला एक मीटर वेग आणि दर घनमीटरला 950 किलोग्रॅम घनता घेऊ. श्यानता 1000 सेंटीपॉइज असेल तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह संथ राहील की भोवऱ्यांचा होईल हे सांगणारा आकडा, 475 येतो. प्रवाह लॅमिनार, म्हणजे संथ आणि थराथरांचा, राहतो आणि दर किलोमीटरला सुमारे 1.28 बार दाब खर्ची पडतो. श्यानता 300 सेंटीपॉइजवर आणली की हा खर्च 0.38 बारवर येतो, म्हणजे सत्तर टक्के बचत. तीच श्यानता पुढे 100 सेंटीपॉइजपर्यंत उतरवली तर मात्र रेनॉल्ड्स अंक 4750 होतो, प्रवाह टर्ब्युलंट, म्हणजे भोवऱ्यांचा, बनतो आणि दाबाचा खर्च 0.36 बारच्या आसपासच अडकतो. 300 वरून 100 वर येण्यासाठी जाळलेल्या इंधनाचा मोबदला जवळजवळ काहीच मिळत नाही. प्रत्येक लाइनला अशी एक सीमा असते. तिच्या अलीकडे श्यानता उतरवणे फायद्याचे आणि पलीकडे उधळपट्टी.

श्यानता उतरवण्याचा सर्वांत जुना मार्ग उष्णतेचा. जड तेलाची श्यानता तापमानाबरोबर झपाट्याने पडते, त्यामुळे सुरुवातीचे काही अंश सर्वांत जास्त काम करतात. लांब पाईपमध्ये खरा प्रश्न ती उष्णता टिकवण्याचा असतो. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात 2004 मध्ये मंगला क्षेत्र सापडले आणि ऑगस्ट 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथले मेणयुक्त तेल 40 अंशांच्या आसपासच थिजू लागते. ते गुजरातच्या किनाऱ्यावरील भोगातपर्यंत नेण्यासाठी सुमारे 670 किलोमीटरची, 24 इंच व्यासाची पाईपलाईन टाकली गेली. सलग तापवलेल्या आणि इन्सुलेशन केलेल्या पाईपलाईनींत ती जगात सर्वांत लांब म्हणून ओळखली जाते. तेल 65 अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी मुख्य पाईपला पोलादी नळी जोडून तिच्यातून विद्युतरोधक आवरणाची केबल नेलेली आहे. केबलमधून गेलेला प्रत्यावर्ती प्रवाह नळीच्या आतल्या पातळ थरातून परततो आणि त्या थरात निर्माण होणारी उष्णता मुख्य पाईपला मिळते. वाटेतील हीटिंग स्टेशनांना वीज पुरवण्यासाठी सोबत गॅसची वेगळी लाइन आहे. एका पाईपसाठी दुसरा पाईप टाकावा लागला, यातच उष्णतेच्या मार्गाची किंमत समजते.

मेणाच्या तेलावर दुसराही इलाज आहे : स्फटिक बनू द्यायचे, पण त्यांची जाळी बनू द्यायची नाही. आसाममधील नहरकटिया ते बिहारमधील बरौनी ही 1157 किलोमीटरची ऑइल इंडियाची लाइन साठच्या दशकात सुरू झाली. तिथे तेल आधी मेण पूर्ण वितळेपर्यंत तापवत आणि मग ठरवलेल्या वेगाने थंड करत. त्यामुळे स्फटिकांची घडण बदलून तेल कमी तापमानालाही वाहते राही. आज हेच काम बहुतेक ठिकाणी पोर पॉइंट उतरवणारी पॉलिमर रसायने करतात. ती मेणाचे स्फटिक दिसू लागण्याआधी, तेल गरम असतानाच मिसळावी लागतात. थिजलेल्या तेलात उशिरा ओतलेले रसायन वाया जाते. पाईपच्या भिंतीवर बसणारा मेणाचा थर रसायनाने पूर्ण थांबत नाही, तो खरवडण्यासाठी ठराविक काळाने पिग, म्हणजे पाईपच्या आतून सरकणारे सफाईचे साधन, सोडावाच लागतो.

मेणयुक्त तेलाची खरी परीक्षा लाइन बंद पडल्यावर होते. थिजलेले तेल हलवण्यासाठी आधी त्याची जाळी तोडावी लागते. तिची ताकद फक्त 20 पास्कल असली तरी अर्धा मीटर व्यासाच्या 50 किलोमीटर लाइनला त्यासाठी 80 बार दाब लागतो. वाहत्या अवस्थेचा हिशेब करून निवडलेला पंप अशा वेळी अपुरा पडतो. म्हणून किती तासांच्या बंदनंतर लाइन पुन्हा सुरू करता आली पाहिजे, हा प्रश्न डिझाइनच्या पहिल्या पानावर असायला हवा.

मुळात जाड असलेल्या तेलावर पातळ तेल मिसळण्याचा मार्ग जगभर चालतो. कॅनडातील अथाबास्का भागातील बिटुमेन जमिनीखालच्या तापमानाला दहा लाख सेंटीपॉइजहूनही जाड असते. त्यात साधारण तीस टक्क्यांपर्यंत हलके कंडेन्सेट मिसळले की ते लाइनमध्ये घेता येते. तिथल्या लाइनींसाठी 350 सेंटीस्टोक ही श्यानतेची कमाल मर्यादा रूढ आहे. या मार्गाला दोन अटी आहेत. हलके तेल सतत मिळत राहिले पाहिजे, आणि ते जड तेलाशी जुळले पाहिजे. पॅराफिनयुक्त हलके तेल जास्त झाले तर अ‍ॅस्फाल्टीन वेगळे होऊन टाकीच्या तळाशी आणि गाळणीत बसते. मिश्रणाची चाचणी आधी प्रयोगशाळेत झाली, तर पुढे गाळण्या तुंबण्याचा त्रास टळतो.

पाण्याचा उपयोग करणारे दोन मार्ग आहेत. एकात तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरतात, त्यामुळे भिंतीशी पाणीच घासते. व्हेनेझुएलात सुमारे 70 टक्के बिटुमेन आणि 30 टक्के पाणी असलेले ऑरिमल्शन याच तत्त्वावर इंधन म्हणून विकले जाई. उलट पाण्याचे थेंब तेलात अडकले, तर श्यानता वाढते. दुसऱ्या मार्गात तेल मधून आणि पाण्याचे पातळ कडे भिंतीलगत वाहते. शेल कंपनीने 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात सुमारे 38 किलोमीटरची लाइन अशा रीतीने चालवली. दोन्ही मार्गांत शेवटी पाणी वेगळे करावे लागते, क्षारांमुळे पाईप गंजू नये म्हणून जपावे लागते, आणि लाइन अचानक थांबली तर थर विस्कटतात.

भोवऱ्यांवरचा उपाय लांब साखळीच्या पॉलिमरचा. बी. ए. टॉम्स यांनी 1948 मध्ये हा परिणाम मांडला आणि 1979 पासून अलास्काच्या मोठ्या पाईपलाईनीत तो वापरला गेला. दहा लाख भागांत काही मोजके भाग एवढ्या मात्रेतही घर्षण लक्षणीय घटते. हे पॉलिमर श्यानता कमी करत नाहीत, ते फक्त भोवरे दाबतात. लॅमिनार प्रवाहात भोवरेच नसतात, म्हणून वरच्या उदाहरणातील 1000 सेंटीपॉइजच्या तेलात ते निरुपयोगी, पण 100 सेंटीपॉइजच्या टर्ब्युलंट प्रवाहात त्यांना वाव आहे. शिवाय पंपातून जाताना त्यांच्या साखळ्या तुटतात, त्यामुळे प्रत्येक पंपाच्या पुढे नवी मात्रा द्यावी लागते.

पुण्याजवळच्या तळवडे, चिखली, भोसरी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातून कच्च्या तेलाची लाइन जात नाही. पण जाड द्रव हाताळण्याची साधने इथे घडतात. चिंचवडची थरमॅक्स आणि कासारवाडीची फोर्ब्स मार्शल यांनी थर्मिक फ्लुइड आणि वाफेची तंत्रे इथे रुजवली, आणि हीटर, टाक्या, पाईपला बाहेरून उष्णता देणाऱ्या ट्रेसिंगच्या लाइनी बनवणारे फॅब्रिकेटर त्यांच्याभोवती वाढले. फर्नेस ऑइल तर पट्ट्यातील भट्ट्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. 50 अंशांना 180 सेंटीस्टोकपर्यंतचे हे तेल बर्नरवर नीट फवारले जाण्यासाठी 100 अंशांच्या आसपास तापवावे लागते. कच्च्या तेलाच्या लाइनीचे सारे नियम इथे छोट्या प्रमाणात लागू आहेत. सक्शन लाइन आखूड आणि रुंद हवी, हीटरचा पृष्ठभाग इतका तापू नये की त्यावर तेल जळून कोक साचेल, आणि इन्सुलेशन पावसात भिजू नये. सेंट्रिफ्यूगल पंपाची कार्यक्षमता जाड तेलात घसरते, तिथे स्क्रू किंवा गिअर पंप योग्य.

म्हणून चौकशीपत्रावर एका तापमानाची एकच व्हिस्कॉसिटी लिहिलेली असेल, तर पुरवठादाराने कोटेशनआधी आणखी माहिती मागावी. निदान तीन तापमानांवरची श्यानता, पोर पॉइंट, मेणाचे स्फटिक दिसू लागण्याचे तापमान, अ‍ॅस्फाल्टीन आणि पाणी यांचे प्रमाण, जास्तीत जास्त बंद काळ आणि त्या काळात आसपास राहणारे किमान तापमान. यातून तेल कशामुळे अडते ते कळते, रेनॉल्ड्स अंकावरून प्रवाह कोणत्या बाजूला आहे ते ठरते, आणि हीटर, मिश्रण, रसायन की पॉलिमर ही निवड आकड्यांवर होते. ही माहिती मागणे हे ग्राहकाला अडवणे नव्हे. अडकलेली लाइन सोडवण्याच्या खर्चापुढे एका प्रयोगशाळा-अहवालाचा खर्च फारच किरकोळ असतो.