घोडा येण्याआधी बटण दाबा!

आपल्या हॉस्टेलवर कुणी फोटो काढतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "डीएसएलआर आहे का?" नसेल तर विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. घरच्या कपाटात पडलेला जुना कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा असला, तरी पळत्या गोष्टीचा फोटो येतो. फक्त डोकं वापरावं लागतं. आणि आपण इंजिनिअरिंगची मुलं आहोत ना?

उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून काटेवाडीला येते. तिथे परीट समाज पालखीसाठी धोतराच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे सणसरचा मुक्काम, मग बेलवडीचं गोल रिंगण, आणि नंतर इंदापूरला पुन्हा एक. या पट्ट्यात दरवर्षी इतकी पळापळ एका जागी बघायला मिळते, आणि आपण मात्र गॅदरिंगच्या डान्सचे हललेले फोटो काढून कॅमेऱ्याला शिव्या देतो!

आता थोडं गणित (कंटाळू नका). रिंगणातला घोडा ताशी ३६ किलोमीटरने पळतो असं धरा, म्हणजे सेकंदाला १० मीटर. जुन्या कॉम्पॅक्टला बटण दाबल्यापासून फोकस करून फोटो घ्यायला ०.४ सेकंद लागले, तर तेवढ्यात घोडा ४ मीटर पुढे गेला. फोटोत येते ती शेपटी, तीसुद्धा नशीब असेल तर. पण या वेळेतला बराचसा भाग फोकसचा असतो. म्हणून घोडा जिथून जाणार तिथल्या एखाद्या पताकेवर किंवा तेवढ्याच अंतरावरच्या माणसावर आधीच बटण अर्धं दाबून धरायचं. फोकस लॉक होतो. मग घोडा त्या जागी पोचायच्या किंचित आधी उरलेलं अर्धं दाबायचं. शटर १/५०० ठेवलं तर तेवढ्या वेळात घोडा सरकतो फक्त २ सेंटिमीटर. १/५० ठेवलं तर २० सेंटिमीटर, म्हणजे चिखल. आषाढातल्या ढगाळ उजेडात १/५०० साठी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. येऊ देत. फ्लॅश मात्र बंद ठेवा. तो तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही आणि जनावर बुजतं ते वेगळंच.

ही युक्ती काही माझी नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने १२ कॅमेरे ओळीत लावले आणि वाटेवर दोरे ताणले. घोडा पळत आला तसे दोरे तुटत गेले आणि एकेक शटर पडत गेलं. घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे तेव्हा सिद्ध झालं, तेसुद्धा पोटाखाली घेतलेले, चित्रकार दाखवायचे तसे पुढे-मागे ताणलेले नाहीत. कॅमेरे जागेवरच होते आणि घोडा कुठून जाणार हे आधी ठरलेलं होतं.

रिंगणातही ते ठरलेलंच असतं. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी, आणि शेवटी अश्व. म्हणजे रंगीत तालीम आपोआप मिळते! खरं सांगू, मला घोड्यापेक्षा त्या तुळशीवाल्या आज्ज्याच जास्त आवडतात. एक हात तुळशीला, दुसऱ्या हातात पदर, आणि चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीसारखं हसू. ते हसू अर्धा सेकंद टिकतं. तिथे बर्स्ट मोडचा फार उपयोग नाही, कारण साध्या कॉम्पॅक्टमध्ये स्क्रीन मधेच काळी पडते आणि नेमकं तेच निसटतं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'निसटणं' हा शब्द मला उशिरा कळला, पण काय अचूक शब्द आहे!)

मोबाईलवाले म्हणतील, आमचा फोन बटण दाबायच्या आधीचेही फोटो साठवून ठेवतो. मान्य. सोय मोठीच आहे. पण त्यामुळे कोणी बघतच नाही. सगळे हात वर करून उभे, आणि मागच्या वारकऱ्याला घोड्याऐवजी पन्नास स्क्रीन दिसतात. काहीजण तर जवळून मिळावं म्हणून रिंगणाच्या आत घुसतात. हे मला साफ नामंजूर आहे. धावत्या घोड्यासमोर जाणं धोक्याचं आहेच, शिवाय ती जागा वारकऱ्यांची आहे. घोडा गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात, त्यांच्या मध्ये आपण काय म्हणून उभं राहायचं? झूम कमी पडला तर घोडा लहान येईल, एवढंच.

संपादक मंडळाला एक विनंती. पुढच्या अंकात फोटोंचं पान काढाल तेव्हा फोटोखाली गावाचं नाव छापा, कॅमेऱ्याचं नको. आणि प्रवेशिका मागवताना 'किमान इतके मेगापिक्सेल' ही अट घालू नका. मेसचं बिल भरून ज्यांच्याकडे फारसं काही उरत नाही, अशी पुष्कळ मुलं-मुली दोन्ही हॉस्टेलांत आहेत, आणि बेलवडीला एसटीने जाता येतं.