पडद्यावरील अक्षर

२०२० सालीं महामारीमुळें शाळांना कुलुपें लागलीं, तेव्हां आमच्या घरांतील एक मुलगा फोनच्या पडद्यावर गणित शिकत असे. 'पांच धन संख्या लिहा' या प्रश्नांत त्यानें 'घन' वाचलें, १, ८, २७ असे आंकडे लिहून दिले आणि निष्काळजीपणाबद्दल बोलणीं खाल्लीं. आमच्या मतें अपराध त्याचा नव्हता. पुस्तकाचें अख्खें पान त्या तळहाताएवढ्या चौकटींत कोंबलेलें; 'ध'वरील शिरोरेषेची तूट त्यांत दिसावी कशी? चित्र अस्पष्ट येऊं लागलें कीं बारीक रेघाच प्रथम पुसट होतात, आणि आपल्या लिपीचे अनुस्वार, रफार, उकार तर सारे बारीकच!

म्हणून व्हिडिओवरून शिकविणाऱ्या भगिनींस आमची विनंती अशी कीं, एका पानावर पांच-सहाच ओळी घ्याव्या, पांढऱ्यावर काळें ठळक अक्षर काढावें आणि ओळींमध्यें ऐसपैस जागा सोडावी. नाहीं तर वरचा उकार खालच्या वेलांटींत अडकतो. (स्वतःस आपलें चित्र उलटें दिसलें तरी घाबरूं नये, मुलांना तें बहुधा सुलटच दिसतें.) मग तें पान घरांतील सर्वांत लहान फोनवर उघडून आजींना हातभर अंतरावरून वाचावयास द्यावें. त्या अडखळल्या, तर पान पुन्हां लिहावें. त्यांच्या चष्म्याला दोष देऊं नये.