वाडी म्हणजे काय, विचारून पाहा



संध्याकाळी तुमचे पोर धडा वाचायला बसते. ‘वाडीत दहा घरे होती,’ असे खणखणीत वाचते. तुम्हाला बरे वाटते. आता पुस्तक मिटा आणि विचारा, “बाळा, वाडी म्हणजे काय?” डहाणूचे पोर सांगेल, “चिकूची!” त्याचे चुकले नाही. आपल्याकडे वाडीत झाडे असतात, माणसे पाड्यावर राहतात. पुस्तकातली वाडी मात्र पाड्यासारखी वस्ती आहे. हे कळले नाही तोवर पोराने वाक्य नुसते उच्चारले, वाचले नाही.

अक्षराला अक्षर जोडता आले की निम्मी वाट संपते. उरलेली वाट शब्दांच्या ओळखीने चालायची असते. आज धड्यातला शब्द अडला तर एखादा गुण जाईल. उद्या फवारणीच्या औषधावरची सूचना किंवा कर्जाचा कागद वाचून अर्थ लागला नाही, तर नुकसान साऱ्या घराचे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. खडे, बिया, पाने, शिंपले हे तिथले साहित्य. मुलाच्या ओळखीच्या वस्तूपासून शिकवायला लागावे, हा त्यातला धडा घरीही उपयोगी पडतो.

तुम्ही म्हणाल, “आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?” अहो, शब्दांची कणगी तर तुमच्याच घरी भरलेली आहे! राब, पेरणी, लावणी, कापणी, झोडणी, मळणी. काम करताना प्रत्येकाचे नाव घ्या आणि ते का करतो, तेही पोराला सांगा.

रात्री त्यालाच बोलू द्या. “आज रानात काय पाहिलेस?” तो सांगेल ती दोन वाक्ये शिकणाऱ्या ताईने किंवा दादाने वहीत जशीच्या तशी लिहावीत आणि त्याच्याकडून वाचून घ्यावीत. स्वतःचेच बोलणे असल्याने अर्थ आधीच ठाऊक असतो. डोळ्यांना फक्त अक्षरांशी ओळख करायची असते.

घरची बोली वारली असो की दुसरी, तिला हसू नका. बोलीतला शब्द आणि पुस्तकातला शब्द वहीत शेजारी-शेजारी लिहा. जुन्या शब्दाचा हात धरूनच नवा शब्द घरात येतो.

धडा वाचून झाला की पुस्तक मिटून तीन प्रश्न विचारा: कोण होते? काय झाले? तसे का झाले? उत्तर पाठ म्हणून दाखवले तर “तुझ्या शब्दांत सांग” म्हणा. बियाण्याची पिशवी, एसटीची पाटी, तलासरीच्या बाजारातली दुकाने, हीसुद्धा वाचायची पुस्तकेच.

आणि दिवाळीनंतर कामासाठी घरदार घेऊन बाहेरगावी जावे लागले, तर भांड्याकुंड्यांबरोबर ती वहीही बोचक्यात घाला. शाळा मागे राहिली तरी शब्द बरोबर येतील.