गारवा विकत घेण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या बाजूस मेअखेरीस नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात, लू वाहू लागते आणि कित्येकदा पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. मागच्या पिढ्यांनी जाड भिंतींचे वाडे, दारांवरचे वाळ्याचे पडदे आणि अंगणातील सडा यांच्या आधारावर हे दिवस काढले. आता वाडे पडले. पुष्कळांच्या वाट्यास गच्चीखालची, पातळ भिंतींची खोली आली. मुले शाळेत, कमावती माणसे कचेरीत. त्या खोलीत दुपारभर राहतात ती घरातील वडीलधारी मंडळी. उतारवयात ऊन सोसण्याची शक्ती कमी होते आणि तहानही वेळेवर जाणवत नाही. तेव्हा गारव्याच्या सोयीस चैन म्हणण्याचे दिवस संपले, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही सोय करताना मात्र आपण यंत्राचा जेवढा विचार करतो, तेवढा घराचा आणि यंत्र बसविणाऱ्याचा करीत नाही.

प्रथम घराकडे पाहावे. गच्चीवर पांढरा चुना अथवा ऊन परतविणारा रंग दिला आणि पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून चिक किंवा ताटी लावली, तर खोलीत येणारी उष्णता बरीच कमी होते. पडदा आतून लावल्यास तितका उपयोग होत नाही. कारण ऊन काचेतून आधीच आत आलेले असते.

नंतर हवा पाहावी. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, एवढ्याच तत्त्वावर कूलर चालतो. म्हणून आपल्याकडील कोरड्या मे महिन्यात तो खोलीत येणारी हवा दहा-बारा अंशांनी सहज थंड करतो आणि वीजही फारशी खात नाही. परंतु समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर केवळ दमटपणा वाढवितो. पाऊस सुरू झाला की त्याचे बळ सरते. गोव्यासारख्या दमट किनाऱ्यावर तर तो बाराही महिने निरुपयोगीच. तेथे, किंवा आपल्याकडे ज्या घरात आजारी माणूस आहे आणि जुलै-ऑगस्टची उमसही टाळावयाची आहे तेथे, वातानुकूलन यंत्रच घ्यावे लागते.

या यंत्राचे माप ‘टन’ असते, पण ते वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी चोवीस तासांत ओढून नेण्याची शक्ती म्हणजे एक टन. आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॉट. खोलीची लांबी-रुंदी, वरती गच्ची आहे की दुसरा मजला, खिडक्यांची दिशा आणि आत वावरणारी माणसे, हे सारे पाहून टन ठरवावा. केवळ चौरस फूट ऐकून जो दुकानदार आकडा सांगतो, त्याच्यावर विसंबू नये. यंत्रावरील ताऱ्यांच्या चिठ्ठीवर ती कोणत्या काळापुरती आहे हेही छापलेले असते. कसोटी वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या मालावरील पाच तारे आजच्या पाचांच्या तोडीचे असतीलच असे नाही.

आता बसविणाऱ्याविषयी. उत्तम यंत्रही वाईट हातांनी बसविले तर दोन उन्हाळ्यांत रडू लागते. त्यास चार गोष्टी आधीच विचाराव्यात. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर पंपाने आतील हवा व ओल खेचून काढणार का? घाईत असलेला कारागीर थोडा गॅस सोडून वेळ मारून नेतो. नळीत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरच्या मुळावर येते. बाहेरच्या भागास मोकळी हवा मिळेल का, की तो कोनाड्यात कोंडला जाईल? पाण्याची नळी उताराने जाईल का? यंत्रासाठी वेगळी तार, वेगळा एमसीबी आणि खरे अर्थिंग आहे का? आणखी एक खूण सांगतो. बंद नळ्यांतील गॅस वापरून संपत नसतो. तो कमी झाला तर कोठेतरी गळती असते. गळती न शोधता दरवर्षी ‘गॅस भरून’ पैसे नेणारा मनुष्य पुन्हा बोलावू नये.

अर्थिंगची गोष्ट कूलरसही लागू आहे, किंबहुना अधिकच. पत्र्याची पेटी, आत पाणी आणि पाण्यात विजेचा पंप. त्यात ओल्या हाताने कोणी पाणी भरावयास जातो आणि घरावर आकाश कोसळते. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा, हा नियम घरातील लहानथोरांच्या अंगवळणी पाडावा. शिवाय ३० मिलिअँपिअरचा, झटका बसताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. टाकी आठवड्यास एकदा रिकामी करून घासावी, म्हणजे डेंग्यूचे डास वाढणार नाहीत.

थंडीचाही विचार याच वेळी करावा. जानेवारीत आपल्याकडे पारा पाच अंशांखाली उतरतो आणि दारे लावून शेगडी पेटविली जाते. कोळशाच्या धुमीतील विषारी वायूस वास नसतो; झोपलेला मनुष्य झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी कदापि नको. ज्यांना यंत्र घ्यावयाचेच आहे त्यांनी थंड व उष्ण दोन्ही हवा देणारे पाहावे. तारेच्या हीटरमध्ये एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता मिळते. हे यंत्र बाहेरची उष्णता आत आणीत असल्याने तेवढ्याच विजेत सुमारे तिप्पट ऊब देते.

हे सारे मे महिन्यात होत नाही. तेव्हा कारागिरास दिवसात दहा घरे उरकावयाची असतात. होळीच्या आधी त्यास बोलवावे, त्याने पूर्वी काम केलेली एक-दोन घरे पाहावीत, पक्की पावती घ्यावी आणि काम चालू असताना घरातील एका जाणत्या माणसाने शेजारी उभे राहावे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास पाणी उशिरा मिळते. आणि घरातील वडीलधाऱ्यांना तेवढा उशीर सोसवेलच असे नाही.